फॅट आणि लिटर एकाच चार्टवर: दुसरी उभी ॲक्सिस लावताना

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. वार्षिक सभेसाठी पॉवरपॉइंटमध्ये चार्ट करतोय. दर महिन्याचं संकलन (डिसेंबरात 62,000 लिटर, मे महिन्यात 38,000) आणि त्याच महिन्याचं सरासरी फॅट (डिसेंबरात 4.0, मे महिन्यात 3.6). दोन्ही एका चार्टवर टाकलं तर फॅट दिसतच नाही, नुसते लिटरचे खांब. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सेकंडरी ॲक्सिस लावली, तर फॅटचे खांब लिटरच्या खांबांवर येऊन बसले. मग लाइन केली. आता चेअरमन म्हणतात की चार्ट बघून वाटतं फॅट पार तळाला गेलं, सभासद गोंधळ घालतील. चूक कुठं होतेय?

उत्तर : सचिवसाहेब, तुमची चूक फार थोडी आहे, आणि चेअरमन म्हणतात ते खरं आहे. दोन्ही नीट सांगतो.

फॅट आधी का दिसत नव्हतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. डाव्या बाजूची पट्टी सत्तर हजारापर्यंत गेलेली असताना त्यावर 4 म्हणजे केसाएवढी रेघसुद्धा नाही. एवढ्या बारीक सिरीजवर (सिरीज म्हणजे चार्टमधला आकड्यांचा एक संच, इथं फॅटचा) माउसनं क्लिक करता येत नाही आणि तिथंच बरेच जण अडकतात. सोपा मार्ग असा, चार्ट सिलेक्ट करून वर फॉरमॅट टॅबमध्ये जा, अगदी डावीकडे एक छोटी ड्रॉपडाउन यादी असते, त्यात चार्टमधल्या प्रत्येक भागाचं नाव असतं, तिथून फॅटची सिरीज निवडा आणि खालचं फॉरमॅट सिलेक्शन दाबा. उजवीकडे जी चौकट उघडते तिच्यात सेकंडरी ॲक्सिस असा पर्याय आहे, तो निवडला की उजवीकडे दुसरी उभी ॲक्सिस येते.

पण असं केलं की नेमकं तुमच्यासारखं होतं, खांबांवर खांब. कारण पॉवरपॉइंटच्या दृष्टीनं आता हे खांबांचे दोन वेगळे गट आहेत, एक डाव्या ॲक्सिसचा आणि एक उजव्या, आणि दोन्ही गट महिन्याच्या त्याच जागेवर उभे राहतात, एकमेकांना जागा देत नाहीत. मधे रिकाम्या सिरीज घालून ते शेजारी-शेजारी आणायची युक्ती आहे, जमतेही, पण मी करू नका म्हणेन. शेजारी-शेजारी खांब दिसले की माणूस त्यांची उंची ताडून बघणारच, आणि लिटर आणि फॅट यांची उंची ताडून बघायला काही अर्थच नाही. त्यामुळे तुम्ही लाइन केलीत ते बरोबरच केलंत. 2013 पासूनच्या पॉवरपॉइंटमध्ये हे एकाच ठिकाणी होतं, चार्टवर राइट क्लिक, चेंज चार्ट टाइप, डावीकडच्या यादीत कॉम्बो, आणि खाली प्रत्येक सिरीजसमोर प्रकार निवडायचा आणि सेकंडरी ॲक्सिसची टिक करायची. चार्ट थ्रीडी असेल तर आधी साधा टूडी करून घ्या, थ्रीडी प्रकार कॉम्बोमध्ये मिसळत नाहीत. आणि तसाही सभेत लांब बसलेल्या माणसाला थ्रीडी खांबाचा माथा नेमका कुठं आहे ते कळत नाही.

आता चेअरमनांचा मुद्दा. उजवी ॲक्सिस कुठून सुरू व्हावी हे तुम्ही ठरवलं नाही, सॉफ्टवेअरनं ठरवलं. त्याचा नियम असा आहे की सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यातला फरक मोठ्या आकड्याच्या सहाव्या भागापेक्षा कमी असला, तर ते ॲक्सिस शून्यापासून सुरू करत नाही. तुमचा फरक 0.4, म्हणजे 4.0 चा दहावा भाग, म्हणून त्यानं उजवी पट्टी 3.4 च्या आसपास सुरू केली असणार. मग 3.6 चा ठिपका चार्टच्या तळाशी जाणारच. सॉफ्टवेअरला काय माहीत 3.6 म्हणजे दुधात काय ते.

मग शून्यापासून सुरू करायची का? खांबांच्या बाबतीत हो, लिटरची डावी ॲक्सिस शून्यापासूनच हवी, कारण खांबाची लांबी हाच तिथला अर्थ असतो. फॅटच्या लाइनला मात्र माझ्या मते शून्याची सक्ती नको. 0 ते 5 अशी पट्टी ठेवली तर लाइन जवळजवळ आडवी दिसेल आणि सभासदाला वाटेल काही झालंच नाही, पण दुधाचा दर पॉइंटवर ठरतो, 0.1 फॅट म्हणजे एक पॉइंट, आणि फॅट तेवढ्यानं उतरलं की उत्पादकाच्या हातातले पैसे कमी होतात, त्यामुळे चार पॉइंटांची घसरण दिसलीच पाहिजे, फक्त ती जेवढी आहे तेवढीच दिसली पाहिजे. म्हणून उजव्या ॲक्सिसवर राइट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिसमध्ये मिनिमम 3.0, मॅक्सिमम 4.2, मेजर युनिट 0.3 असं स्वतः भरा. डावीकडे 0, 80,000 आणि 20,000. असं केलं की दोन्हीकडे बरोबर चार-चार घरं होतात आणि मागच्या आडव्या रेघा दोन्ही ॲक्सिसच्या आकड्यांना जुळतात. ही घरं जुळवण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण वाचणाऱ्याचा अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

दोन्ही ॲक्सिसना नाव द्या, चार्टच्या कडेला जे अधिकचं चिन्ह येतं त्यातून ॲक्सिस टायटल्स. डावीकडे 'संकलन, लिटर', उजवीकडे 'सरासरी फॅट, टक्के (3.0 पासून)'. तो कंसातला मजकूर गाळू नका. आणि खांब ज्या रंगाचे तोच रंग डाव्या आकड्यांना, लाइन ज्या रंगाची तोच उजव्या आकड्यांना द्या, म्हणजे कुठला आकडा कुणाचा हे विचारावं लागत नाही.

एक गोष्ट सभेत तोंडी सांगाच. लाइन आणि खांब कुठं एकमेकांना छेदतात त्याला काहीही अर्थ नाही, पट्टी बदलली की छेद सरकतो. हे साधं वाटतं पण यावर मोठमोठी माणसं घसरलीत. 2015 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या एका सुनावणीत प्लॅन्ड पॅरेंटहूड या आरोग्यसेवा संस्थेबद्दलचा चार्ट दाखवला गेला, त्यात एक बाण खाली येत होता, कर्करोगाच्या तपासण्या, 2006 मधल्या 20,07,371 वरून 2013 मधल्या 9,35,573 वर, आणि दुसरा वर जात होता, गर्भपात, 2,89,750 वरून 3,27,000 वर. दोन बाण मधे एकमेकांना छेदून गेले होते आणि 3,27,000 चं टोक 9,35,573 च्या वर होतं. आकडे चार्टवर छापलेले होते, पण उभी ॲक्सिस एकही नव्हती, ना डावी ना उजवी. बघणाऱ्याच्या डोळ्यात काय राहिलं तर एकानं दुसऱ्याला मागं टाकलं, जे त्याच आकड्यांप्रमाणे घडलेलंच नव्हतं.

तुमच्या सभासदांचा डोळा तुमच्यावर विश्वास ठेवून तो चार्ट बघणार आहे. म्हणून अजून एक सुचवतो, जमलं तर दोन छोटे चार्ट एकाखाली एक लावून बघा, वर लिटर, खाली फॅट, महिने अगदी सरळ रेषेत. पुष्टकाळात, म्हणजे हिवाळ्याच्या दिवसांत, दूध वाढतं, उन्हाळ्यात लिटर आणि फॅट दोन्ही उतरतं, हे त्यातूनही दिसतं आणि छेदाचा प्रश्नच उरत नाही. माझी पसंती खरं तर यालाच आहे, पण सभेत एकच स्लाइड मिळणार असेल तर वरची पद्धत चालेल.

आणि हो, उजवी ॲक्सिस नको वाटली तर ती सिलेक्ट करून डिलीट दाबू नका. तसं केलं की लाइन परत डाव्या पट्टीवर मोजली जाते आणि फॅट पुन्हा तळाला चिकटतं. नुसती लपवायची असेल तर फॉरमॅट ॲक्सिसमध्ये लेबल्ससमोर 'नन' (None) निवडा. पण मग प्रत्येक ठिपक्यावर आकडा लिहायला हवा, नाहीतर तो वरचा अमेरिकेतला प्रकार.

प्रश्न : मी वाईला नववीला भूगोल शिकवते. महाबळेश्वर आणि पुणे यांचे पाऊस आणि तापमानाचे दोन चार्ट दोन स्लाइडवर केले, पावसाचे खांब, तापमानाची लाइन, उजवीकडे सेकंडरी ॲक्सिस. मुलं म्हणाली, बाई, दोन्हीकडे सारखाच पाऊस पडतो की!

उत्तर : मॅडम, मुलांनी चार्ट अगदी बरोबर वाचला. प्रत्येक स्लाइडवर सॉफ्टवेअरनं त्या-त्या गावाच्या पावसाला पुरेल एवढीच ॲक्सिस केली, त्यामुळे दोन्ही जुलै सारख्याच उंचीचे झाले. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिमीच्या वर पाऊस, पुण्यात सगळ्यात ओल्या महिन्यातही सरासरी 200 मिमीच्या आत. दोन्ही स्लाइडवर पावसाची मॅक्सिमम सारखी भरा, महाबळेश्वरचा जुलै मावेल एवढी, आणि तापमानाची पण सारखीच. पुण्याचे खांब मग अगदी बुटके दिसतील, दिसू द्या, घाट ओलांडला की पाऊस कसा आटतो ते तुमची मुलं त्याच क्षणी बघतील.

पुण्याचा महिन्या-महिन्याचा फरक वेगळा शिकवायचा असेल तर तिसरी स्लाइड करा, आणि तिथं एक छान जुनी रीत वापरता येईल. वॉल्टर आणि लीथ या जर्मन शास्त्रज्ञांच्या हवामान आलेखात दोन ॲक्सिसचं नातं पक्कं ठरलेलं असतं, 10 अंश म्हणजे 20 मिमी. पावसाची रेघ तापमानाच्या खाली गेली की तो महिना कोरडा. म्हणजे इथं छेदाला खरोखर अर्थ आहे, कारण पट्टी चार्ट करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलीच नाही. पुण्यासाठी पाऊस 0 ते 200 आणि तापमान 0 ते 100 भरा. तापमानाची वरची अर्ध्याहून जास्त पट्टी रिकामी राहील, विचित्र दिसेल, पण प्रमाण तेच हवं. महाबळेश्वरला हे असंच्या असं जमत नाही, त्या आलेखात 100 मिमीच्या वरचा पाऊस दहापट आखडून काढतात आणि पॉवरपॉइंटमध्ये अशी मधेच बदलणारी पट्टी मिळत नाही. ते फळ्यावर काढा.

प्रश्न : गूगल स्लाइड्समध्ये दुसरी ॲक्सिस सापडत नाही. (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : स्लाइड्समध्ये नसतेच, तिथला चार्ट मुळात शीट्समध्ये राहतो. शीट्समध्ये चार्टवर डबल क्लिक, कस्टमाइझ, सिरीज, वरून हवी ती सिरीज निवड आणि ॲक्सिसमध्ये राइट ॲक्सिस कर, मग स्लाइडवर येऊन चार्टवरचं अपडेट दाब. लिब्रेऑफिस इम्प्रेस असेल तर चार्टवर डबल क्लिक करून सिरीजवर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा सिरीज, ऑप्शन्स टॅब, तिथं सेकंडरी वाय ॲक्सिस.