गरम-थंड पाण्याचे थर का टिकत नाहीत?

साखरेच्या पाण्याचे रंगीत थर सुरेख जमले, पण थंड निळ्या पाण्यावर गरम पिवळं पाणी ओतताच सगळं हिरवं झालं, असं तुम्ही लिहिलंय. गरम पाणी हलकं, म्हणून ते वर राहायला हवं, ही कल्पना तुमच्या लेकीला बरोबर समजली आहे. अडचण ओतण्यात आहे.

४ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचं वजन जवळपास १००० ग्रॅम असतं, ६० अंशांना ९८३. म्हणजे फरक दोन टक्केही नाही. उलट १०० मिली पाण्यात चार चमचे (२० ग्रॅम) साखर विरघळवली की घनता सहा-सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे साखरेचा थर थोडा हात हलला तरी सांभाळून घेतो, गरम पाण्याचा नाही.

म्हणून ओतूच नका. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या परातीत ठेवून एक थंड निळ्या आणि दुसरी गरम पिवळ्या पाण्याने काठोकाठ भरा. हवा राहिली तर बुडबुडा वर जाताना सगळं ढवळून टाकतो. गरम बरणीच्या तोंडावर जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा दाबून ती थंड बरणीवर उलटी ठेवा, काठ जुळवा आणि फिल्म आडवी, सावकाश ओढा. उकळतं पाणी नको, काच तडकू शकते. उलटी करायचं काम मोठ्यांनीच करा. डोळे काठाच्या पातळीला आणलेत तर पिवळ्या-निळ्यामध्ये हिरवी पट्टी दिसेल. बाहेरून हात लावला की वरची बरणी गरम, खालची गार.

लगेच उलट प्रयोगही करा, म्हणजे थंड पाणी वर. काही सेकंदांत सगळं हिरवं होतं. माझ्या मते दोन्ही दाखवल्याशिवाय हा प्रयोग अर्धाच आहे, कारण नुसते टिकलेले थर पाहून मुलांना वाटतं की रंगच मिसळत नाहीत.

हे जमलं की माझा सगळ्यात आवडता प्रयोग करा. गरम पाण्याच्या पेल्यात (२५० मिली) पाव चमचा मीठ आणि रंग घाला. उंच पेल्यात फ्रिजमधलं साधं पाणी घेऊन त्यावर थर्माकोलची पातळ चकती तरंगत ठेवा आणि खारं पाणी चमच्याचमच्याने चकतीवर सोडा. खारं असूनही गरम असल्यामुळे ते आधी वरच राहतं. मग उष्णता खाली निसटते. ती मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते. गार झालेलं खारं पाणी जड होतं आणि रंगाच्या बारीक उभ्या रेघा खाली उतरू लागतात. समुद्रातही हे घडतं. समुद्रशास्त्रज्ञ मेल्विन स्टर्न यांनी १९६० मध्ये त्याचं गणित मांडलं.

मीठ मात्र मोजून घाला. पूर्ण चमचा पडला तर गरम पाण्याचा हलकेपणा संपतो आणि रेघा न होता सगळं थेट तळाला जातं. पंखा बंद ठेवा आणि बाजूने टॉर्च धरा, रेघा फार नाजूक असतात.