लिंबाएवढी झालेली गाठ: आधी सुई, मग चाकू

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यावल तालुक्यात मळ्यावर राहणारी चंपी, गावठी आणि लॅब्रॅडोरची मिसळ, वय नऊ, वजन 24 किलोच्या आसपास, नसबंदी झालेली नाही. उजव्या बरगडीवर, कोपराच्या थोडं मागे गाठ. तीन महिन्यांपूर्वी बोराएवढी होती, आता लिंबाएवढी. दुखत नाही, खाणंपिणं नीट आहे. एका डॉक्टरांनी हात लावून सांगितलं चरबी आहे, राहू द्या. दुसरे म्हणाले लगेच कापून टाकू. शेजारी म्हणतात चाकू लागला की पसरेल. ऐकायचं कोणाचं?

आत्ता तरी तिघांपैकी कोणाचंच नाही. गाठ कशाची आहे हे बोटांना कळत नाही, कितीही जुना हात असला तरी. मऊ आहे आणि कातडीखाली सरकते म्हणजे चरबी, हा अंदाज बऱ्याच वेळा बरोबर निघतो, म्हणूनच तो घातक आहे. कुत्र्यांच्या कातडीत मास्ट सेल ट्यूमर नावाचा कर्करोग नेहमी आढळतो आणि तो कोणतंही सोंग घेतो: कधी चामखीळ, कधी डास चावल्याची गांधी, कधी अगदी चरबीसारखा लुसलुशीत गोळा. ‘चरबीनी गाठ शे, राहू दे’ म्हणून सोडलेल्या गाठींतच तो सापडतो.

तुमच्याच आकड्यांकडे बघा. बोर साधारण दोन सेंटिमीटर, लिंबू चार. व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. तीन महिन्यांत आठपट म्हणजे दर महिन्याला दुप्पट. दोनाचे अडीच सेंटिमीटर झाले तरी आकारमान जवळपास दुप्पट झालेलं असतं, पण डोळ्याला ते ‘थोडंसं वाढलं’ एवढंच दिसतं. वाटाण्याएवढी, म्हणजे सेंटिमीटरभराची गाठ महिनाभर टिकली तर सुई घालून बघावी, हा नियम रास्त आहे. तुमची गाठ त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. थांबून बघायचे दिवस संपले.

आज घरी एवढं करा. कुत्री उभी असताना (बसली की कातडी सैल पडते, माप बदलतं) केस बाजूला करून लांबी, रुंदी आणि उंची मोजा. हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टिकचं व्हर्निअर पुरतं. नसेल तर गाठीशेजारी दहाचं नाणं धरून फोटो काढा. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून माप काढता येतं. गाठ कातडीबरोबर सरकते, कातडी वरून सरकते की खाली बरगडीला चिकटून बसली आहे, हे लिहून ठेवा. आणि मग हात काढा. रोज दाबून बघू नका. मास्ट सेलची गाठ चोळली की तिच्यातलं हिस्टामीन (सूज आणणारं द्रव्य) बाहेर पडतं आणि ती तासाभरात लाल होऊन फुगते. एका दिवसात वाढून पुन्हा उतरणारी गाठ दिसली तर ती खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्याच वेळी सगळ्या अंगावरून हात फिरवा. जबड्याखाली, खांद्यापुढे, बगलेत, जांघेत, मागच्या गुडघ्यामागे. या ठिकाणी लसीकाग्रंथी असतात. एका बगलेतलीच मोठी लागली तर ती गाठीशी संबंधित असू शकते. सगळीकडच्या, दोन्ही बाजूंच्या सुजल्या असतील तर मुख्य शक्यता दोन: लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, किंवा गोचीडताप. आपल्याकडे मळ्यावरच्या कुत्र्यांना गोचीडताप इतका सर्रास होतो की रक्त तपासल्याशिवाय कर्करोगाचं नाव घेऊ नये. अशा वेळी कोणी ‘सूज उतरेल’ म्हणून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू करत असेल तर आधी तपासणीचा नमुना घ्यायला लावा. लिम्फोमा त्या गोळीने काही दिवस दबतो, निदान हुकतं आणि पुढचे उपचारही कमी लागू पडतात.

मादी आहे, नसबंदी नाही, वय नऊ. म्हणून दहाही सड आणि त्यांच्यामधली पट्टी चिमटीत धरून तपासा, तांदळाच्या दाण्याएवढा खडा लागला तरी नोंद करा. स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात आणि 3 सेंटिमीटरच्या आत काढल्या तर निकाल बराच चांगला असतो. पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीत हा धोका जवळजवळ राहत नाही, दोन माजांनंतर तो फायदा बराच कमी होतो. आता ते वय गेलं, पण कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आलीच तर त्याच भुलेत नसबंदी होईल का, हे विचारून ठेवा. गर्भाशयात पू होण्याची भीती तरी जाते.

गाठ म्हणजे कर्करोगच असं नाही, हेही सांगतो. दोन-तीन दिवसांत आलेली, गरम, दुखरी, मध्ये मऊ पडलेली सूज बहुतेक वेळा गळू असते, भांडणात लागलेल्या दातामुळे. पावसाळा संपला की बांधावरचं कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरतं आणि आत सरकत राहतं. वरून फक्त गाठ दिसते, फुटते, भरते, पुन्हा येते. कुसळ निघाल्याशिवाय कितीही अँटिबायोटिक द्या, उपयोग नाही. तीन वर्षांखालच्या कुत्र्याला लाल बटणासारखी गाठ आली तर ती हिस्टिओसायटोमा नावाची निरुपद्रवी गाठ असू शकते, दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त ठिबकणारी गाठ गावठी कुत्र्यांत बहुधा संभोगातून पसरणारी टीव्हीटी असते. तिला चाकू लागतच नाही, आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिन्क्रिस्टीन दिलं की चार ते सहा आठवड्यांत बहुतेक विरघळते (औषध शिरेबाहेर गळलं तर मात्र तिथलं मांस सडतं, म्हणून सलाईन लावूनच). जांघेत किंवा बेंबीवर दाबली की आत जाणारी गाठ हर्निया असते. तिच्यात सुई घालायची नाही, आतडं असू शकतं. चंपीच्या गाठीची जागा आणि चाल यातल्या कशातच बसत नाही.

आता मुख्य काम, सुईची तपासणी. तालुक्याच्या दवाखान्यातही ती होऊ शकते, भूल लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. एकाने तोंड धरायचं, डॉक्टर कातडी स्पिरिटने पुसून गाठ दोन बोटांत पक्की धरतात. 22 किंवा 23 नंबरची सुई सिरिंज न लावता गाठीत घालून आतल्या आत आठ-दहा वेळा पुढेमागे करायची, दिशा थोडी बदलत. सुईच्या मागच्या प्लास्टिकच्या भागात रक्त दिसायच्या आत बाहेर काढायची. मग 5 मिलीच्या सिरिंजमध्ये हवा ओढून सुईला लावायची आणि आतला थेंब काचपट्टीवर फुंकायचा. दुसरी पट्टी वरून अलगद, स्वतःच्या वजनाने सरकवायची. दाबली की पेशी फुटतात आणि पॅथॉलॉजिस्टला नुसता निळा चिखल दिसतो. पट्टी पंख्याच्या हवेत लगेच वाळवायची, लायटरवर नाही. गाठीच्या दोन-तीन वेगवेगळ्या भागांतून चार-पाच पट्ट्या घ्यायला सांगा, आणि पट्टीच्या टोकाला पेन्सिलने जागा व तारीख लिहा. पेनची शाई रंगवताना धुऊन जाते.

एक ढोबळ खूण तिथेच दिसते. पट्टी उजेडात तिरकी धरा. वर तुपाच्या थेंबांसारखा तवंग असेल आणि अर्ध्या तासानेही वाळत नसेल तर चरबी असण्याची शक्यता जास्त. तरी पट्टी पाठवाच. रंगवताना मिथेनॉलमध्ये चरबी विरघळते, म्हणून रिपोर्टमध्ये ‘पेशी फारशा नाहीत’ असं येऊ शकतं. तुम्ही पाहिलेला तवंग डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलेला असला तर वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो. वय, जागा, किती दिवसांत किती वाढली, हेही फॉर्मवर हवं. जळगाव-भुसावळात माणसांच्या लॅबमध्ये पट्टी रंगवून बघणारे पॅथॉलॉजिस्ट भेटतात. मास्ट सेलचे जांभळे दाणे त्यांच्याही नजरेतून सहसा सुटत नाहीत. शक्य असेल तर पट्ट्या प्राण्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडेच पाठवा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग आहे, आणि धुळे-शिरपूरकडच्यांना आग्रा रोडने सेंधवा ओलांडून महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

सुईने कर्करोग पसरतो ही भीती कातडीच्या गाठीपुरती सोडून द्या. मूत्राशयासारख्या काही जागी ती खरी आहे, इथे नाही. मास्ट सेलची शंका असेल तर डॉक्टर आधी एव्हिलसारखं हिस्टामीन दाबणारं इंजेक्शन देतात, एवढंच.

रिपोर्ट आल्यावर काय? चरबी निघाली तर निर्णय सोपा, पण तुमच्या बाबतीत मी तरीही निष्काळजी राहणार नाही. कोपरामागची गाठ बगलेकडे वाढली की पाय टाकताना घासते, आणि काही चरबीच्या गाठी स्नायूंत मुळं सोडतात. महिन्याला माप, आणि हीच गती राहिली तर काढून टाका. ‘निश्चित सांगता येत नाही’ असा रिपोर्ट म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे. पुन्हा सुई घाला, किंवा तुकडा काढून बायोप्सी करा. सॉफ्ट टिश्यू सार्कोमाच्या (कातडीखालच्या मऊ मांसाच्या कर्करोगाच्या) पेशी सुईत बऱ्याचदा नीट येत नाहीत, तिथे तुकडाच लागतो. ती चीर पुढच्या मोठ्या ऑपरेशनच्या रेषेतच हवा, नाहीतर नंतर तेवढी जास्त कातडी काढावी लागते.

मास्ट सेल निघाला तर आधी नाव का हवं होतं ते कळेल. गाठ नुसती सोलून काढून भागत नाही. सर्वसाधारण हिशेब असा की चारी बाजूंनी 2 सेंटिमीटर चांगली कातडी आणि खाली स्नायूवरचा एक पडदा सोबत निघाला पाहिजे. म्हणजे 4 सेंटिमीटरच्या गाठीला 8 सेंटिमीटर रुंदीचा तुकडा. बोराएवढी असताना 6 पुरला असता. बरगडीवर कातडी सैल असते म्हणून अजून निभावतं. हीच गाठ पायावर असती तर जखम मिटवायला कातडी उरली नसती. दुसऱ्या डॉक्टरांचं ‘लगेच कापू’ इथे अडचणीत आणतं: चरबी समजून कडेने सोलली, मुळं राहिली की महिन्या-दोन महिन्यांत त्याच टाक्यातून दुसरी येते. शेजाऱ्यांचं ‘चाकू लागला म्हणून पसरलं’ यातूनच निघालेलं असतं. चाकू लागला म्हणून नाही, अपुरा लागला म्हणून.

ऑपरेशनआधी रक्ताची पूर्ण तपासणी, प्लेटलेट धरून. गोचीडतापात प्लेटलेट पडतात आणि टेबलावर रक्त थांबेनासं होतं. क्रिएटिनीन आणि यकृताची एक चाचणीही हवी. सुईत वाईट पेशी निघाल्या किंवा स्तनात गाठ सापडली तर छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे; अगदी बारीक डाग त्यात दिसत नाहीत, तरी फुप्फुसात गोळे दिसलेच तर मोठं ऑपरेशन करण्यात अर्थ उरत नाही. नऊ वर्षं हे वय भूल टाळायचं कारण नाही. हृदय आणि मूत्रपिंड खराब असणं हे कारण आहे.

काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका. यावर भांडावं लागलं तरी भांडा. सुई नाव सांगते. ग्रेड (कर्करोग किती आक्रमक आहे) आणि कडा स्वच्छ आहेत का, हे अख्ख्या गाठीच्या तपासणीतच कळतं. 10 टक्के फॉर्मॅलिन, गाठीच्या दहापट. लिंबाएवढ्या गाठीला औषधाची बाटली चालणार नाही, लोणच्याची रुंद तोंडाची बरणी न्या; फॉर्मॅलिनमध्ये मांस कडक होतं आणि अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही. डोक्याकडच्या कडेला एक टाका घालून खूण करायला सांगा. आणि काचपट्ट्या बरणीबरोबर एकाच खोक्यात पाठवू नका, फॉर्मॅलिनच्या वाफेने न रंगवलेल्या पट्ट्या वाया जातात.

रिपोर्ट येईपर्यंत गाठीवर चुना, बिब्बा, डाग, दोरा काही नको. बिब्ब्याने फोड येऊन जखम होते आणि पावसाळ्यात तिथे किडे पडायला दोन दिवस पुरतात. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्रीला देऊ नका. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम (वेदना-सुजेचं औषध) दिलं असेल तर त्याच्यासोबत प्रेडनिसोलोन चालत नाही. दोन दवाखान्यांच्या दोन चिठ्ठ्या असल्या की नेमकं हेच होतं. डांबरासारखी काळी संडास झाली तर पोटात रक्तस्राव समजा, मास्ट सेलमध्ये तो औषधाशिवायही होतो. त्या दिवशी वाट बघू नका.

उन्हाळ्यात ऑपरेशन करायची वेळ आली तर पहाटेची वेळ मागा. आपल्याकडे पारा 44-45 वर असताना भुलेतून अर्धवट शुद्धीत आलेलं कुत्रं पत्र्याच्या टपाच्या गाडीत दुपारी घरी आणणं ऑपरेशनपेक्षा धोक्याचं आहे. आदल्या रात्री भाकरी बंद, पाणी डॉक्टर सांगतील तोवर. गळ्यात कोन घाला, नाहीतर एका रात्रीत टाके चाटून उसवते. जखमेखाली पाण्याचा फुगा आला आणि तो गरम किंवा दुखरा नसेल तर घाबरू नका, फोडूही नका, दाखवून घ्या. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. त्या दिवशी रिपोर्टची प्रत घेऊन जा आणि ग्रेड काय, कडा स्वच्छ आहेत का, हे दोनच विचारा. कडेला पेशी राहिल्या असतील तर दुसरं ऑपरेशन करायचं का, हे तिथेच ठरवा. नवी गाठ हाताला लागेपर्यंत थांबायचं नाही.