कडकनाथ घेतलाय, पण अंडी तर गावठीसारखीच!

प्रश्न : सर, मी निफाडकडचा, द्राक्षबाग आहे. कडकनाथ (ती काळी जात) म्हणून बारा कोंबड्या नि दोन कोंबडे आणले, आता अंड्यावर आल्यात पण अंडी काळी नाहीत, फिकट बदामी आहेत. भावकी म्हणते फसवलं तुला. शिवाय एकही कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसेना. काय समजू?

उत्तर : भाऊ, भावकीला आधी चहा पाजा आणि सांगा की काळ्या टरफलाचं अंडं कुठलीच कोंबडी देत नाही. मोबाईलवर फिरतात ते फोटो सोडून द्या. कडकनाथचं अंडं बदामीच असतं, अंड्यावरून फसवलं असं म्हणताच येत नाही.

पारख करायची तर पिसांवर पण जाऊ नका, कारण या जातीत पेन्सिल्ड आणि गोल्डन असे प्रकार पण असतात, त्यांची पिसं पूर्ण काळी नसतात. संध्याकाळी खुराड्यात शिरल्या की एक एक धरा, चोच उघडून टॉर्च मारा. जीभ, टाळू काळपट पाहिजे, पाय पण, तुरा काळसर-जांभळट. तुरा लालभडक नि जीभ गुलाबी दिसली तर मात्र भेसळ समजा. आणि गंमत अशी की काळा रंग संकरातही बऱ्यापैकी उतरतो, म्हणून नुसतं काळं दिसलं की अस्सल असं पण नाही, खरं काय ते पिल्लं निघाल्यावर कळतं. मूळ ही भिल्ल-भिलाला आदिवासींनी जपलेली मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली जात, तिकडं काली मासी म्हणतात, २०१८ला तिथल्या कडकनाथला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. तेव्हापासून जो तो काळी कोंबडी विकतोय.

खुडूक बसत नाही हा तर जातीचाच गुण, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पेठ-सुरगाण्याकडची एखादी गावठी खुडूक बघा, तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, तिला काय, कुणाची का असेनात, २१ दिवस इमानदारीनं बसते.

पण तुमच्याकडची थंडी वाईट! डिसेंबर-जानेवारीत पिल्लं काढलीत तर गोणपाटाचे पडदे लावा, खाली भाताचं तूस टाका आणि बल्ब लावा, पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर ऊब कमी पडतेय, लांब पळाली तर जास्त झाली, थर्मामीटर नसला तरी चालतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून द्या, कडकनाथला रोग होत नाही असं विकणारे सांगतात त्यावर विसंबू नका.

एक राहिलंच, बागेत फवारणी झाली की कोंबड्या कोंडून ठेवा, पडलेली पानं, किडे सगळं टिपतात त्या. आणि दोन्ही कोंबडे एकाच घरचे असतील तर पुढच्या सालाला एक तरी बदला, म्हणजे नात्यातल्या जोड्या कमी लागतील.