मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये चौघांचं सामान नीट कसं लावायचं?

पहिलं सांगते, लगेच क्रॉफर्ड मार्केटला जाऊन डबे आणि बास्केट आणू नका. आधी घरातलं नको ते बाहेर काढा, मग उरलेल्या सामानाच्या मापाने डबे घ्या. नाहीतर डबे ठेवायलाच जागा शोधावी लागते!

आपल्याकडे खरी मेख पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर बाहेरच्या बाजूच्या भिंती ओल धरतात, म्हणून कपाट भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच फट सोडा. बॉक्स-बेडमध्ये गाद्या-रजया ठेवायच्या तर मे महिन्यात कडक उन्हं देऊन भरा आणि पावसात उघडीप मिळाली की झाकण उघडून वारा लागू द्या. चामड्याच्या बॅगा तिथे नकोतच, बुरशी हमखास धरते.

माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू: गणपतीचं मखर, आकाशकंदील, प्रवासाच्या बॅगा. खोक्यावर मार्करने नाव लिहा, तेही समोरून दिसेल असं. वजनदार भांडी मात्र वर चढवू नका, उतरवताना पाठ धरते.

स्वयंपाकघरात रोजचे डबे कंबर ते डोळे या उंचीत. ताटं-वाट्यांना भिंतीवरची स्टीलची मांडणी अजूनही सगळ्यात सोयीची, मॉड्युलर ट्रॉलीवाले काहीही म्हणोत. सिंकखाली धान्य नको. तिथे ओल आणि झुरळं. फिनेल, घासण्या, कचऱ्याच्या पिशव्या ठेवा.

चपलांचं कपाट दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवायचा मोह होईल. आग लागली तर पळायची वाट तीच, त्यामुळे ते आतच, दारामागे उभं आणि अरुंद.