शेळीच्या गर्भाशयाचा काप सगळाच तपकिरी का होतो?

प्रश्न : कोकण कन्याळ शेळीच्या गर्भाशयात इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारी प्रथिने) नेमके कुठे आहेत, हे अँटीबॉडी स्टेनिंगने पाहते आहे. नमुने कुडाळमधल्या मटणाच्या दुकानातून मिळतात. प्रायमरी अँटीबॉडी (रिसेप्टरला चिकटणारी) शेळीत तयार केलेली आहे, सेकंडरी (प्रायमरीला चिकटून रंग आणणारी) शेळीविरोधी. डॅब (तपकिरी रंग देणारे रसायन) घातले की सगळा काप तपकिरी होतो, प्रायमरी न घातलेलासुद्धा. कुठे चुकते?
– पशुवैद्यक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

उत्तर : मुख्य चूक अँटीबॉडींच्या जोडीत आहे. प्रायमरी न घातलेला काप ठेवलात हे फार बरे केले, त्यानेच ती उघड केली. शेळीच्या टिश्यूत तिचे स्वतःचे इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडीच) असतेच. शेळीविरोधी सेकंडरी त्यालाच जाऊन चिकटते, मग रिसेप्टर असो वा नसो. सशात तयार केलेली प्रायमरी घ्या आणि शेळीत तयार केलेली ससाविरोधी सेकंडरी. ही शेळीच्या इम्युनोग्लोब्युलिनला परके मानत नाही. ब्लॉकिंगला, म्हणजे अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून, ५ टक्के शेळीचे सीरम वापरा. प्रायमरी १:५०, १:१००, १:२००, १:४०० अशी पातळ करून पाहा आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा.

तांबड्या पेशींच्या जागी गडद ठिपके उरले, तर ते त्यांच्यातल्या पेरॉक्सिडेजचे (डॅबला तपकिरी करणाऱ्या एन्झाइमचे) काम. प्रायमरीआधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे द्या.

आता दुकानातली बाजू. कोकणच्या उकाड्यात टिश्यू पिशवीतून घरी नेईपर्यंत सडू लागते. जागेवरच ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे तुकडे करून किमान दहापट न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (टिश्यू टिकवणाऱ्या, आम्ल न होणाऱ्या द्रावणात) टाका. २४ तास पुरेत. साधे, बफर नसलेले फॉर्मेलिन आम्लधर्मी होते आणि रक्ताच्या जागी काळपट रंगकण सोडते. ते डॅबसारखेच दिसतात.

फॉर्मेलिनने झाकलेला रिसेप्टर मोकळा करायला ६.० पीएचच्या सिट्रेट बफरमध्ये ९५ अंशांवर २० मिनिटे ठेवा, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटे निवू द्या. गरम स्लाइड लगेच बाहेर काढली तर काप वाळतो आणि कडा उगाच रंगतात. साध्या काचेवरचे काप या टप्प्यावर सुटून तरंगतात, म्हणून पॉलीलायसिन लावलेल्या स्लाइडच घ्या.

वाचताना केंद्रकाकडे पाहा. हा रिसेप्टर मुख्यतः तिथेच असतो. नुसता पेशीद्रव तपकिरी असेल तर विश्वास ठेवू नका. आणि गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय मागून घ्या. पीतपिंड (अंडाशयातली प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणारी गाठ) भरलेला असेल, तर प्रोजेस्टेरॉनमुळे रिसेप्टर मुळातच कमी झालेले असतात. असा फिका काप पाहून अँटीबॉडीला दोष देऊ नका.