झेनोट्रान्सप्लांटला 'परजातीय अवयवदान' म्हणावं का?

प्रश्न असा होता की डुकराची किडनी माणसाला बसवतात त्या झेनोट्रान्सप्लांटला 'परजातीय अवयवदान' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार, आणि दोन्ही शब्दांची कारणं वेगळी आहेत.

आधी 'परजातीय'. जीवशास्त्राच्या पुस्तकात जाती म्हणजे स्पीशीज हे ठीक आहे, पण वॉर्डात नातेवाईकांना सांगून बघा की पेशंटला परजातीय किडनी लावतोय, पहिला प्रश्न येईल कुणाची म्हणजे कोणत्या समाजाची? आंतरजातीय म्हटलं की आपल्या डोक्यात लग्नच येतं, विजातीयचंही तेच. 'परप्रजातीय' त्यातल्या त्यात बरा, पण बोलताना जीभ अडखळते.

'दान' तर मला अजिबात पटत नाही. दधीचींनी हाडं दिली ती स्वतःहून दिली म्हणून ते दान, डुकराला कोण विचारतंय? इंग्रजीतही बरेच जण आता डोनर न म्हणता सोर्स अ‍ॅनिमल, म्हणजे अवयव ज्याच्याकडून घेतला तो प्राणी, म्हणतात. तरी पेशंटला कृतज्ञता वाटते ती वाटतेच, न्यू हॅम्पशायरच्या टिम अँड्र्यूजना जानेवारी 2025 मध्ये बॉस्टनला डुकराची किडनी बसवली, त्यांनी त्या डुकरिणीचं नाव विल्मा ठेवलं होतं. (ती किडनी 271 दिवस चालली, मग काढावी लागली.)

मी स्वतः कागदावर 'प्राणिज अवयव प्रत्यारोपण' लिहीन, कारण प्राणिज हा शब्द लोकांना प्राणिज प्रथिनं वगैरेंमुळे ओळखीचा आहे. पण पेशंटशी बोलताना सरळ 'डुकराची किडनी' म्हणावं. 'वराह' नको, त्याने अवताराची मूर्ती डोळ्यासमोर येते आणि खरी गोष्ट झाकली जाते. बाल्टिमोरला जानेवारी 2022 मध्ये डेव्हिड बेनेट यांना जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं, त्याआधी त्यांचे सर्जन डॉक्टर ग्रिफिथनी त्यांना पिग असंच सांगितलं होतं, तर बेनेट यांचा उलट प्रश्न, मग मी डुकरासारखा आवाज काढणार का? म्हणजे माणसाला नीट कळलं होतं आणि तरी तो तयार होता, माणसाचं हृदय मिळणार नव्हतं आणि जगायचं होतं. दोन महिन्यांनी ते गेले, पण संमती मात्र डोळे उघडे ठेवून दिलेली. हेच प्राणिज प्राणिज करत गुळमुळीत सांगितलं असतं तर?

आपल्याकडे हे गुळमुळीत सांगणं व्हॉल्व्हच्या बाबतीत होऊ शकतं. 'टिश्यू व्हॉल्व्ह' म्हणजे डुकराच्या हृदयाची झडप किंवा गाईबैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली, पण 'टिश्यू' ऐकून कुणाला काय कळणार! मुसलमान पेशंटला एक खटकेल, हिंदूला दुसरी, आणि 'जीव वाचतोय ना मग टाका' म्हणणारे दोन्हीकडे आहेत, पण ठरवायला आधी नाव तरी कळायला हवं.

हृदयाची अजून एक गंमत. किडनी कुणाची का असेना, फार तर किळस वाटेल. पण आपल्याकडे वाघाचं काळीज म्हणजे धैर्य, मग डुकराचं काळीज बसवल्यावर माणूस काय होणार ही शंका भाषेतूनच येते, त्यात काळीज हा शब्द भावनेसाठी हृदय आणि मटणाच्या दुकानात लिव्हर. म्हणून इथे मी 'काळीज' टाळून 'हृदय' किंवा सरळ 'हार्ट' म्हणेन, स्वभाव बदलेल का असं विचारणाऱ्याला तेवढीच मदत.

क्रियापद म्हणाल तर किडनी 'बसवतात', स्टेंट 'टाकतात', व्हॉल्व्ह 'बदलतात', लोक आधीच असं बोलतात, तेच ठेवा. 'डुकराची किडनी बसवली' यात अडतंय कुठे?