उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो धूसर आलाय, रंग कळत नाहीत. ओळख पटेल का?

बऱ्याचदा पटते, पण रंग विसरून फक्त आकार बघा. आभाळाच्या उजेडात पक्ष्याची खालची बाजू काळीच येते, त्यामुळे फोटोतला 'काळा' बहुतेक वेळा खोटा असतो. बाह्याकृती मात्र धूसर फोटोतही टिकते.

आधी शेपूट. मधे खाच असेल तर घार, गोलसर असेल तर ब्राह्मणी घार असू शकते. पण इथेच लोक फसतात: घारीने वळताना शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. म्हणून एका फ्रेमवर जाऊ नका. मग पंखांची टोकं: निमुळती, विळ्यासारखी असतील तर ससाणा, हाताच्या बोटांसारखी सुटी पिसं दिसली तर घार, गरुड किंवा गिधाड. आखूड गोल पंख आणि लांब शेपूट म्हणजे शिक्रा किंवा त्याचा भाऊबंद. पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून जमिनीलगत तरंगत असेल तर भोवत्या (इंग्रजीत हॅरियर) असण्याची शक्यता जास्त.

आकारमानावर विसंबू नका. फोटोत अंतर कळत नाही, शिवाय या पक्ष्यांत मादी सहसा नरापेक्षा मोठी असते.

पिल्लावस्थेतला किंवा पिसं झडत असलेला पक्षी असेल तर जाणकारही 'घार, बहुधा' एवढ्यावरच थांबतात. ओळख विचारताना फोटो एडिट करून शार्प करू नका, मूळ फाइल टाका, आणि त्याच पक्ष्याचे फसलेले फोटोसुद्धा.